अंगी न लागलेलं

कोळंबी साफ करताना पाठीतला काळा दोरा ओढून काढायचा, हे आईनं मला सातव्या-आठव्या वर्षी शिकवलं. डोकं मोडायचं, साल काढायची, पाठीवर विळीची धार हलकीच टेकवायची आणि नखानं दोरा उचलायचा. तो न तुटता अख्खा आला की मला फार बरं वाटायचं. "गेली सगळी घाण," आई म्हणायची आणि कोळंबी पाण्याच्या टोपात टाकायची. पुढची चाळीसेक वर्षं मी तेच धरून चालले, की कोळंबीची घाण त्या दोऱ्यात असते आणि ती काढता येते.

दोऱ्यात असते ती विष्ठा. खाल्लेलं प्रथिन शरीरात मोडल्यावर जो नायट्रोजन उरतो, तो त्या वाटेनं जात नाहीच. लघवीवाटेही फारच थोडा जातो. तो जातो कल्ल्यांतून, अमोनियाच्या रूपात, थेट भोवतालच्या पाण्यात. त्याला ना रंग ना आकार, आणि तलावाच्या पाण्यात असतो तेवढ्याला वासही नाही. विळीची धार त्याच्यापर्यंत पोचत नाही.

मी रसायनशास्त्र शिकवते. अमोनिया आणि अमोनियम यांचा समतोल दरवर्षी फळ्यावर लिहिते, दोन्ही बाजूंना बाण असलेलं ते समीकरण. तरीही हे मला कळलं ते दादाच्या तलावाच्या बांधावर, एका पिठोरी अमावास्येला, आणि तेव्हा उशीर झाला होता.

आमचं गाव खारेपाटातलं, धरमतरच्या खाडीला लागून. बांध घालून खाडी अडवायची आणि आतल्या खारजमिनीत भात पिकवायचा, हा इथला पिढ्यांचा उद्योग. घराजवळच्या तळ्यात जिताडा पाळायचा, पाहुणा आला की काढायचा. उधाणात बांधाला खांड पडली की खारं पाणी आत येतं आणि त्या जमिनीत पुढं कित्येक वर्षं भात धड होत नाही. आमच्या खालच्या शेताचं तेच झालं. दादानं वाट पाहिली, दोनदा बियाणं फुकट घालवलं आणि मग त्या जागी एकरभराचा तलाव खणला. २००९ साली आपल्याकडे वेनामी कोळंबीच्या शेतीला रीतसर परवानगी मिळाल्यावर टायगर कोळंबी मागं पडली आणि सगळा किनारा वेनामीकडे वळला. दादा त्यांच्यातलाच. मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची ही कोळंबी आमच्या भातखाचरात वाढायला लागली, याचं मला पहिल्यांदा फार अप्रूप वाटलं होतं.

त्या वर्षी जूनच्या सुरुवातीला दादानं बीज सोडलं. चौरस मीटरला चाळीस, म्हणजे सगळं मिळून एक लाख साठ हजार. नारळी पौर्णिमेला मी घरी गेले तेव्हा ऐंशीचा काउंट आला होता, म्हणजे किलोला ऐंशी नग, एकेक साडेबारा ग्रॅमची. दादानं पाग टाकून मला दाखवली. काचेसारखी आरपार, शेपटीला किंचित लाली, पोटात खाद्याची गडद रेघ. चेक ट्रे, म्हणजे खाद्य संपतंय का ते बघायला पाण्यात ठेवलेलं ताट, वर काढला तर दोन तासांत चाटूनपुसून साफ.

"खातेय बघ," तो म्हणाला. "खातेय तोवर घालायचं."

हे वाक्य आमच्या घराचं आहे. आई असंच बोलायची. ताट रिकामं दिसलं की वाढायचं, नको म्हटलं तरी वाढायचं. हाताखालचं मूल असो, दावणीचं वासरू असो, वाढणं म्हणजे माया. दादा ती माया गोणीतून तलावात टाकत होता, दिवसाला दोन गोण्या, पन्नास किलो. वहिनी मात्र बांधावर उभं राहून म्हणाली होती, "खाल्लेलं अंगी लागतंय का ते बघा." ती कोळंबीबद्दल नव्हे, नव्या औषधांवर होणाऱ्या खर्चाबद्दल बोलत होती. पण नंतर जेव्हा मी वही घेऊन हिशेब मांडायला बसले, तेव्हा सगळा प्रश्न तिच्या त्या एका वाक्यातच होता.

हिशेब असा. गोणीवर प्रथिनं ३६ टक्के छापलेली असतात. पन्नास किलोंत अठरा किलो प्रथिन, आणि प्रथिनाचा साधारण सहावा भाग नायट्रोजन, म्हणजे जवळजवळ २.९ किलो. कोळंबीच्या अंगी त्यातला तिसरा हिस्सा लागला तर तलाव चांगला चालला म्हणायचं. उरलेला नायट्रोजन, एक किलो नऊशे ग्रॅमच्या आसपास, रोज पाण्यात. काही कल्ल्यांतून, काही विष्ठेतून, काही न खाल्लेल्या दाण्यांतून. एकर तलावात चार फूट पाणी म्हणजे अठ्ठेचाळीस लाख लिटर. भागाकार केला की लिटरला रोज ०.४ मिलिग्रॅम. सगळंच लगेच अमोनिया होत नाही, काही गाळात बसतं आणि सावकाश वर येतं. तरी उचलणारं कोणी नसेल तर आठवड्याभरात आकडा तीनच्या घरात जाऊ शकतो.

उचलणारं असतं. तलाव हिरवा दिसतो तो सूक्ष्म शेवाळामुळे, आणि ते शेवाळ अमोनियावरच पोसतं. शिवाय पाण्यात आणि गाळात जिवाणू असतात. एक जमात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट कोळंबीला फारसं बाधत नाही. पण हे काम फुकट होत नाही. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाचं नायट्रेट करायला साडेचार ग्रॅमहून जास्त प्राणवायू खर्च होतो, आणि पाण्यातले आम्लता रोखून धरणारे क्षारही झिजतात. म्हणजे घाण साफ करणारेसुद्धा कोळंबीच्याच श्वासातला वाटा घेतात.

नारळी पौर्णिमेनंतर आभाळ उतरलं. सहा दिवस ऊन नाही. त्यात पावसाचं पाणी तलावावर पडत होतं आणि खाडीही गोडी होत चालली होती. पाण्याचा खारटपणा हजारी पंधरावरून आठावर आला. उन्हाशिवाय शेवाळ मेलं. हिरवं पाणी तपकिरी झालं, काठाला फेस धरला. जे शेवाळ काल अमोनिया उचलत होतं, तेच आता कुजून त्यात भर घालत होतं. अशा वेळी खाद्य निम्म्यावर आणायला हवं होतं. दादानं ते दोन गोण्यांवरच ठेवलं. पावसात पोरांना जास्त भूक लागते, असं आपल्याकडे मानतातच.

मग सातव्या दिवशी लख्ख ऊन पडलं. पावसानं पाणी आंबट झालं असणार म्हणून दादानं सकाळी कळीचा चुना मारला.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण माझा फळा आणि त्याचा तलाव इथेच एक झाले. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक विद्युतभारित अमोनियम, त्याला कल्ल्याचं पटल सहजासहजी ओलांडता येत नाही. दुसरा साधा, विरघळलेल्या वायूसारखा अमोनिया. त्याला भिंत नाहीच, तो सरळ आत येतो. कोणत्या रूपात किती, हे ठरतं पीएचवर, म्हणजे पाणी किती आंबट की अल्कधर्मी यावर, आणि तापमानावर. तीस अंशाच्या पाण्यात पीएच साडेसात असेल तर शंभरातले अडीच भागच त्या घातक रूपात असतात. आठला सात-साडेसात भाग. आणि नऊला चाळिसांच्या वर. घाण तेवढीच, तिची धार मात्र पंधरा-सोळा पटींनी वाढलेली. दुपारच्या उन्हात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून पीएच रोज सकाळपेक्षा दुपारी जास्त असतो. पहाट प्राणवायूसाठी वाईट आणि दुपार अमोनियासाठी. कोळंबी या दोन्हींच्या मधे रोज जगत असते. त्यात त्या दिवशी पावसानं पातळ झालेल्या, जोर नसलेल्या पाण्यात कळीचा चुना पडला होता, आणि चुना पीएच आणखी वर चढवतो.

दुपारी प्रयोगशाळेतला मुलगा आला तेव्हा कोळंबी काठाला लागली होती. दिवसाढवळ्या, उथळात. त्यानं किटच्या नळीत थेंब टाकले. पिवळं असायला हवं ते पाणी हळूहळू गर्द हिरवं झालं. एकूण अमोनिया ३. पीएच ९. "काका, चुना कधी टाकलात?" त्यानं विचारलं आणि दादानं उत्तर दिलं नाही.

३ हा आकडा ऐकायला मोठा नाही. तैवानमधल्या लिन आणि चेन या संशोधकांनी वेनामीच्या पिल्लांवर केलेले प्रयोग नंतर मी वाचले. हजारी पंधरा खारटपणाच्या पाण्यात निम्मी पिल्लं चार दिवसांत मरायला लिटरला २४ मिलिग्रॅम एकूण अमोनिया-नायट्रोजन लागला होता. पण त्या २४ मधला घातक रूपातला भाग होता १.२. आमच्या तलावात ३ पैकी चाळीस टक्क्यांहून जास्त घातक रूपात होता. म्हणजे १.२ च्या वरच. त्या दुपारच्या काही तासांसाठी आमचं पाणी प्रयोगशाळेतल्या त्या मरणरेषेवर होतं, आणि आम्ही सकाळी त्यात चुना टाकून समाधानानं जेवायला गेलो होतो.

आता त्या जिवाच्या आत काय होतं ते सांगते. मला हे सगळं जुळवायला वर्ष लागलं, आणि जुळलं तेव्हा वाईट वाटलं तितकाच आदरही.

प्रथिन मोडलं की अमोनिया आपल्याही शरीरात तयार होतो. आपलं यकृत त्याचा युरिया करतं. तो साठवता येतो, सोयीनं बाहेर टाकता येतो. गोठ्यात सकाळी नाकाला झोंबतो तो त्याच युरियाचा पुन्हा झालेला अमोनिया. पक्षी त्याचं युरिक आम्ल करतात, कोंबडीच्या विष्ठेवरचं पांढरं ते हेच. या दोन्ही रूपांतरांना ऊर्जा लागते. कोळंबी तो खर्च करत नाही. ती पाण्यात जन्मते, पाण्यात वाढते, आणि भोवती सतत नवं पाणी असणार हे तिच्या शरीरानं गृहीत धरलेलं आहे. आत अमोनिया जास्त, बाहेर कमी, म्हणून तो उतारावरून वाहिल्यासारखा कल्ल्यांतून निघून जातो. शिवाय कल्ल्यांच्या पेशींत सोडियम-पोटॅशियमची अदलाबदल करणारा पंप असतो. अमोनियमचा कण आकारानं पोटॅशियमसारखा, म्हणून तो पंप पोटॅशियमच्या जागी त्यालाही उचलून पुढे ढकलतो.

बाहेरचा अमोनिया वाढला की उतार सपाट होतो. आतला आतच राहतो, बाहेरचा आत येऊ लागतो. मग कोळंबी त्याचं ग्लुटामिन करून पाहते, थोडा युरियाही करते, म्हणजे जो खर्च तिच्या शरीरानं कधी धरलेलाच नव्हता तो करायला लागते. वाढीची ऊर्जा तिकडे वळते. मिठाचा तोलही त्याच कल्ल्यांनी सांभाळायचा असतो, तो ढळतो. प्राणवायूची गरज वाढते आणि नेमका प्राणवायू वाहून नेणारा घटक कमी होतो.

तो घटक म्हणजे हिमोसायनिन. आपल्या रक्तात लोह, कोळंबीच्या रक्तात तांबं. प्राणवायू मिळाला की ते रक्त निळसर दिसतं, नसला की जवळपास रंगहीन. चाळीस वर्षं कोळंबी साफ करूनही तिला रक्त असतं हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. लाल दिसत नाही ते आपण रक्त धरत नाही.

नायट्राइटची गोष्ट याच रक्ताशी जोडलेली आहे. माशाच्या रक्तात नायट्राइट शिरलं की हिमोग्लोबिन बिघडतं आणि रक्त चॉकलेटी होतं, कल्ले उघडून बघितले तर दिसतं. कोळंबीत अशी खूण मिळत नाही, पण तिच्याही रक्तातला प्राणवायू बांधलेला हिमोसायनिनचा हिस्सा घटतो. आणि नायट्राइट आत येतं क्लोराइडच्या दारानं. कल्ले मिठासाठी क्लोराइड आत ओढतात, नायट्राइट त्याच रांगेत उभं राहतं. पाणी खारं असेल तर रांगेत क्लोराइडच क्लोराइड, नायट्राइटला शिरायला वाव कमी. पाणी गोडं झालं की दार त्याला मोकळं. त्याच संशोधकांनी २००३ साली नायट्राइट-नायट्रोजनाची सुरक्षित पातळी मांडली ती हजारी पस्तीसला २५ मिलिग्रॅमच्या पुढे, पंधराला अवघी ६. आमचं पाणी आठावर होतं. त्या मुलानं नायट्राइट मोजलं ते ४ भरलं. खारेपाटातल्या श्रावणात खाडी गोडी होते याचा आनंद मानायची आम्हाला सवय. भाताच्या दृष्टीनं ते खरंच सुख होतं. कोळंबीला त्याच गोडेपणानं उघडं पाडलं.

त्यात अमावास्या आली. मोठ्या तिथींना कोळंबी एकदम कवच सोडते, हे कोणत्याही तलाववाल्याला विचारा. शिवाय अमोनिया वाढला की ती वेळेआधीही कवच टाकते, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. कवच सोडलेली कोळंबी लोण्यासारखी मऊ असते. त्या काही तासांत तिला पाणी पिऊन फुगायचं असतं, क्षार ओढून नवं कवच घट्ट करायचं असतं, आणि प्राणवायू नेहमीपेक्षा जास्त लागतो. म्हणजे कल्ल्यांवर सगळ्यात जास्त भिस्त असते ती त्याच रात्री, आणि कल्ले आधीच थकलेले.

पहाटे चारला दादाचा फोन आला. मी पोचले तेव्हा उजाडत होतं. पाण्यात हवा मिसळणारे एरेटर चारही चालू होते. कडेनं कवचांची पांढरी किनार लागली होती आणि तिच्याखाली मऊ कोळंबी, काहींची पाठ दुधासारखी पांढरी पडलेली. दादा गुडघाभर पाण्यात उभा होता. घरात वहिनीनं पिठोरीसाठी कणीक भिजवून ठेवली होती, ती तशीच राहिली. दुपारपर्यंत उरलीसुरली काढून विकली. मऊ मालाला भाव नसतो.

गावात सगळे म्हणाले, रोग आला. आठवड्यानं अहवाल आला त्यातही व्हिब्रिओ जिवाणू होते, म्हणजे तेही खोटं नव्हतं. पण व्हिब्रिओ तलावात नेहमीच असतात. कोळंबीला आपल्यासारखी प्रतिपिंडं नाहीत. तिचं रक्षण करतात रक्तातल्या काही पेशी, आणि अमोनियाच्या ताणाखाली त्यांची संख्या घटते, जंतू गिळण्याची ताकद कमी होते. रोग आत आला तेव्हा राखणीला कोणी नव्हतं. म्हणून "रोग आला" हे वाक्य मला अपुरं वाटतं. ते आपल्याला सोडवून टाकतं. रोग बाहेरून येतो, नशिबानं येतो. गोणी मात्र आपण उचललेली असते.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते भरती-ओहोटीनं. खाडीतल्या कोळंबीला मूत्रपिंडाचं मोठं काम स्वतः करावं लागत नाही, कारण ते काम दिवसातून दोनदा चंद्र करतो. पाणी येतं, जातं, सोडलेलं दूर नेतं. लाखो वर्षांत तिचं शरीर त्या येरझारीवर विसंबून घडलं. अर्धं शरीर तिच्या कवचात आणि अर्धं भोवतालच्या पाण्यात, असंच म्हणायला हवं. आपण बांध घातला आणि त्यातलं एक अर्धं बाहेर ठेवलं. तलावात बीज सोडणारा माणूस जनावर पाळतोय असं समजतो. खरं तर त्यानं ओहोटीचं काम अंगावर घेतलेलं असतं.

ते काम करता येतं, आणि दादा आता करतो. पुढच्या वर्षी त्यानं बीज चौरस मीटरला पंचवीसवर आणलं. मधोमध गाळ काढायची पाइपलाइन टाकली. सकाळी सहा आणि दुपारी तीन, दोन्ही वेळचा पीएच वहीत लिहितो. दुपारी चुना टाकायचा नाही, अमोनिया चढा असताना कळीचा तर अजिबात नाही. गुळाचं पाणी देतो, त्यामागचं कारण मला आवडतं. जिवाणूंना कार्बन पुरवला की ते पाण्यातला अमोनिया उचलून स्वतःचं अंग वाढवतात आणि कोळंबी त्यांचे पुंजके खाते. इस्रायलमधल्या योराम अव्निमेलेख यांनी १९९९ साली हे गणित नीट मांडलं होतं. एकदा अंगी न लागलेलं पुन्हा एकदा ताटात येतं. पण जिवाणूंनाही प्राणवायू लागतो, आणि आमच्याकडची वीज रात्रीच जाते, म्हणून जनरेटरचं डिझेल आधी, गूळ नंतर.

एक गोष्ट अजून माझ्या मनाला लागून आहे. पीक काढल्यावर उघाडीतून तलावाचं पाणी खाडीत जातं, आणि शेजारचा तलाववाला त्याच खाडीतून पंप लावतो. वेनामीच्या शेताला, आकार कितीही असो, सांडपाणी शुद्ध करायची सोय नियमानं लागते; आमच्यासारखे एकरवाले म्हणतात, आमचं ते केवढंसं. खाडीला मात्र पाण्यावर सातबारा दिसत नाही. मी दादाला कोपऱ्यातल्या दोन गुंठ्यांत निवळण्यासाठी खड्डा काढायला सांगतेय. तो म्हणतो, तेवढ्यात पाच हजार बीज बसतं. आमचं अजून ठरलेलं नाही.

या श्रावणात पुन्हा गेले होते. आभाळ भरून आलं होतं, वारा पडला होता. दादा बांधावर गोणी घेऊन उभा, हातात चेक ट्रे. ट्रेमध्ये थोडे दाणे शिल्लक होते. त्यानं ते बोटांनी चिवडले, एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. निम्मी गोणी टाकून झाली होती.

"उपाशी राहील का गं, बाय?" त्यानं विचारलं.

"एक दिवस राहू दे," मी म्हटलं.

त्यानं गोणीचं तोंड पिळून सुतळीनं बांधलं, खांद्यावर घेतली आणि शेडकडे चालू लागला. त्याच्या मागे एरेटरचे पंखे पाणी उडवत होते.